आजी, सून आणि नात : एका घरातलं इंटरनेट

आज आपण घरातल्या मोबाईलबद्दल बोलूया. मोबाईल तोच, नेट तेच. पण वयाप्रमाणे वापर किती वेगळा!

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि नेट एकदम स्वस्त झालं. आधी एक जीबी महिनाभर पुरवून वापरायचो, आता तेवढं एका दिवसात संपतं. मग २०२० साली टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर भरली. तेव्हा मुलांच्या हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटला नाही. अभ्यास असतोच, पण रील आणि गेम त्याहून जास्त.

आजीची अडचण टायपिंगची. पण २०१७ पासून गुगलवर मराठीत बोलून शोधता येतं. माईकचं चिन्ह दाबायचं आणि 'गुडघेदुखीवर व्यायाम' म्हणायचं. लिहिता येत नाही म्हणून आता अडत नाही. फक्त व्हॉट्सअॅपवर आलेला प्रत्येक घरगुती उपाय खरा मानायचा नाही.

मधल्या वयाच्या आपण मात्र नेट कामापुरतं वापरतो : बचत गटाचा निरोप, गॅसचं बुकिंग, दुकानात स्कॅन करून पैसे. तेही बऱ्याचदा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवरून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या तीन बायकांपैकी साधारण एकीनेच कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. पन्नाशीपुढच्या बायका तर त्या मोजणीतच नव्हत्या.

दुसऱ्याच्या फोनने काय बिघडतं? लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत ते कळलं. ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बंद पडलेला, किंवा फोन घेऊन मुलगा पुण्याला गेलेला, की आपल्या हक्काचं काम अडलं.

म्हणून तीन गोष्टी करा. आधारला आणि बँकेला स्वतःचा, चालू नंबर जोडा. आधारचा नंबर आधार केंद्रात जाऊन बदलता येतो. ओटीपी आणि पिन फोनवर कुणालाही सांगू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

नातीला सांगा, रोज दहा मिनिटं आजीला आणि आईला फोन शिकव. आजी तिला शिकवेल, तो बाजूला कधी ठेवायचा ते.