तराईत लुप्त झालेले पेशवे

झाशीचा वेढा फोडण्यासाठी तात्या टोपे बेतवेपर्यंत आले व १ एप्रिल १८५८ रोजी पराभूत झाले. जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडल्या. पुढील एप्रिलात तात्यांना शिप्री येथे फाशी देण्यात आले. या दोघांचा अंत इतिहासाला ज्ञात आहे. परंतु ज्यांच्या पेशवेपदाची द्वाही ग्वाल्हेरीस फिरली, त्या नानासाहेबांचा?

१८५८ च्या अखेरीस ते राप्ती ओलांडून नेपाळच्या तराईत शिरले. हिमालयाच्या पायथ्याच्या या दलदलीच्या अरण्यातील हिवताप परक्या माणसाचा काळच असे. १८५९ मध्ये नानासाहेब तापाने वारल्याची वार्ता आली. पण त्यांचा देह कोणा इंग्रज अधिकाऱ्याने पाहिला नाही. त्यांच्या शिरावर एक लाख रुपयांचे इनाम असल्याने शोध थांबला नाही. १८७४ मध्ये ग्वाल्हेरीस एक इसम नानासाहेब म्हणून पकडला गेला; चौकशीअंती तो दुसराच निघाला.

तराईत माणूस तापाने मरणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. नानासाहेबांविषयीचे गूढ अरण्याने निर्माण केले नाही. ते साक्षीदाराच्या अभावातून उपजले. मृत्यू पाहणारा कोणी नसला, की लोकांची आशा आणि सरकारचा संशय दोन्ही त्या माणसाला जिवंत ठेवतात.