रेनकोट आतून का भिजतो?

जुलैत राजमाचीची वाट चढताना रेनकोट पाऊस अडवतो, पण आत घामाने अंग चिंब होते. साध्या प्लास्टिकमधून बाष्प बाहेर पडतच नाही. १९६९मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. त्यातून पाण्याचा थेंब आत शिरत नाही, बाष्प मात्र बाहेर जाते; पण आतला दमटपणा बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तरच. पावसाळ्यात सह्याद्रीतली हवा आधीच बाष्पाने भरलेली, त्यामुळे असा पापुद्रा असलेले महागडे जाकीटही इथे कमी पडते. म्हणून आपल्याकडे काखेत चेन असलेले, शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेले सैलसर जाकीट घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

अशा जाकिटाच्या बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो. मळाने आणि अंगाच्या तेलकटपणाने तो निकामी झाला की कापड पाणी पिते आणि बाष्पाची वाट अडते. लोक असे जाकीट धुवायला घाबरतात. खरे तर ते धुवायलाच हवे. सौम्य द्रव साबण वापरा, भरपूर पाण्यात खळबळा. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवा, उष्णतेने लेप पुन्हा काम करू लागतो. तरीही थेंब घरंगळत नसतील, तर नव्या लेपाचा फवारा मारावा.