नागपुरात संपणारा काळा दगड

महाराष्ट्राचे विभाग किती, या साध्या प्रश्नाला सरकारदरबारीच चार उत्तरे मिळतात. शाळेचे पुस्तक तीन सांगते: किनारपट्टी, सह्याद्री आणि पठार. महसूल खाते सहा मोजते. हवामान खाते चार मोजते आणि त्यातल्या कोकणाला गोवाही जोडून टाकते. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली तेव्हा आकडा पुन्हा तीनवर गेला, पण हे तीन वेगळेच होते: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि अख्खे कोकण ज्यात मावते त्याला ‘उर्वरित’ म्हणायला धाडसच लागते.

यातल्या बऱ्याच रेघा राजवटींनी मारलेल्या आहेत. मराठवाडा निजामाकडे होता, विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, बाकीचा बराचसा मुलूख मुंबई इलाख्यात. १९६० साली राज्य एक झाले, नावे तशीच राहिली. जमीन मात्र आपली वाटणी निराळी सांगते. ती ऐकायची तर भोक पाडून खाली पाहावे लागते.

तशी भोके दोन ठिकाणी फार मेहनतीने पाडली गेली आणि दोन्हींना निमित्त भूकंपाचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. हा भाग भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त मानला जात होता, त्यामुळे शास्त्रज्ञही चक्रावले आणि खाली नेमके काय आहे ते बघायला त्यांनी तिथे खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटरवर काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, संपला. त्याखाली गाळाचा पातळसा थर आणि मग अब्जावधी वर्षे जुना पट्टिताश्म. दुसरे ठिकाण कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथली जमीन अधूनमधून हलतेच आहे. रासाटीजवळ घेतलेल्या छिद्रात बेसॉल्ट संपायला सुमारे ९३३ मीटर उतरावे लागले. नागपूरला तर छिद्राचीही गरज नाही. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती काळ्या दगडाची, पण शहराच्या पूर्वेला गेले की हा दगड जमिनीवरूनच नाहीसा होतो.

राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग या एकाच दगडाखाली आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. आजीने शिवलेल्या गोधडीसारखे हे थर आहेत. पश्चिमेला इतके जाड की त्यांच्या काठाला आपण सह्याद्री म्हणतो, पूर्वेला विरत गेलेले, आणि नागपूरपाशी कडा उसवून खालचे जुने कापड दिसू लागते. ‘एका महाज्वालामुखीच्या स्फोटाने दख्खन घडला’ असली वाक्ये दूरचित्रवाणीवर भाव खातात. त्यात ना एक ज्वालामुखी खरा, ना स्फोट.

लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या काळात इथे काय होते याचा माग लावणाऱ्यांत एक नाव फार थोड्यांना आठवते. नागपूरकरांना ते कॉलेजच्या पाटीवरून ठाऊक आहे, पण तो माणूस भूवैज्ञानिक होता हे तिथून बाहेर पडलेल्या किती विद्यार्थ्यांना माहीत असेल कोण जाणे. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ साली नागपुरात आले. शाळा चालवायची, धर्मप्रचार करायचा आणि उरलेल्या वेळात दगड फोडायचे. सहकारी रॉबर्ट हंटर सोबत असत. शहराजवळच्या टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये त्यांना गाळाचा एक चिंचोळा थर सापडला आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई, माशांचे खवले, भुंग्यांचे पंख, फळे, बिया निघाल्या. अशा गोगलगाई माल्कमसन नावाच्या अभ्यासकाने आधी वर्णिल्या होत्या, पण एवढे नांदते तळे कुणाच्या हाती लागले नव्हते. लाव्हा थंड झाला, वर पाणी साचले, त्यात जीव आले, पिढ्या गेल्या आणि मग पुढचा लाव्हा आला, असा हा सगळा पुरावा.

इथे एक गंमत सांगायला हवी. हा अर्थ खुद्द हिस्लॉप यांनी लावला नव्हता. खालचा काळा थर मागाहून आत घुसला असावा, असे त्यांचे मत. बरोबर वाचन पुढे भूवैज्ञानिक विल्यम ब्लॅनफर्ड यांनी केले. पण ब्लॅनफर्ड यांना वाचायला पान मिळाले ते टाकळीमुळे. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या दगडात हिस्लॉप आणि हंटर यांना एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. तिचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली प्रसिद्ध केले, ‘डायनोसॉर’ हे नाव ठेवणारे तेच ओवेन. गोंडांच्या कथा आणि गाणीही हिस्लॉप टिपून घेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. वय ४५. त्यांची टिपणे १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापली. गोंडवन भूखंडाची गोष्ट सांगताना पुस्तके स्यूस आणि वेगेनर यांच्यापाशी थांबतात. नागपूर-कामठीच्या खडकांतल्या वनस्पतींचे जीवाश्म गोळा करणारा हा पाद्री त्यात क्वचितच येतो.

वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यालाही हिस्लॉप यांनी जीवाश्म वेचले होते. तिथे डायनोसॉरांची हाडे मिळतात, आणि विष्ठेचे दगड झालेले गोळेही. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांमध्ये गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले. डायनोसॉरांच्या काळात गवत असे नव्हतेच, असे तोवर मानले जाई. २०११ साली त्यांतले काही कण भाताच्या कुळातले असल्याचे प्रसिद्ध झाले. आजच्या धानपट्ट्याच्या सीमेवर कोट्यवधी वर्षांपूर्वी कुणीतरी भाताच्या भाऊबंदांवर ताव मारत होते! अर्थात आजच्या धानाशी याचा थेट संबंध जोडू नये. तो मोह आवरायला जड जातो, एवढेच.

धानाचे खरे कारण उसवलेल्या कडेपलीकडे आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, म्हणजे झाडीपट्टी, जुन्या स्फटिकी खडकांवर वसली आहे. जमीन सखल, ओबडधोबड, माती पिवळसर-तांबडी. पाऊस बाराशे मिलिमीटरच्या पुढे. खडक पाणी पोटात फारसे घेत नाही, तेव्हा ते वरच अडवायचे. कोहळी समाजाने गोंड राजवटीत तेच केले. उताराच्या तोंडाशी पाळ घालून हजारो तलाव बांधले. मालगुजारी गेल्यावर कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात ‘मामा तलाव’ झाले. तुमसरच्या बाजूचे मँगनीज, सुरजागडचे लोखंड, वर्धा खोऱ्यातला कोळसा ही सगळी संपत्ती जिथे काळा दगड नाही किंवा विरळ झाला आहे तिथली.

पश्चिमेला वर्धा ओलांडली की वऱ्हाड लागते, आणि वेगळेच राज्य सुरू होते. काळी माती, कापूस, तूर. अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेच्या काठाने शेकडो फूट गाळ साचलेला आहे, पाणीही आहे, पण खारे. त्या खारपाणपट्ट्यात विहीर असूनही पीक पावसाच्या भरवशावर. तोच गाळ तापीकाठी जळगावकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोड पाण्याने भरतो, आणि रावेर-यावलची केळी त्यावर पोसली जातात. गोंदियाचा धानवाला आणि दर्यापूरचा कापूसवाला एकाच विदर्भाच्या अनुशेषात मोजले जातात. जमिनीच्या हिशेबात दर्यापूर रावेरला जवळचे.

काळ्या दगडाची खरी परीक्षा मराठवाड्यात होते. तिथे जून ते सप्टेंबर सरासरी सुमारे ६४० मिलिमीटर पाऊस पडतो. हे वाळवंट नव्हे. पण बेसॉल्टमध्ये पाणी राहते ते वरच्या मुरुमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत. खालचा अखंड पाषाण थेंबही धरत नाही. म्हणून इथली विहीर पावसाळ्यात तुडुंब आणि मार्चमध्ये कोरडी. त्यावर उपाय म्हणून बोअर खोल खोल नेण्याची शर्यत लागली. दोनशे फुटांवर न लागलेले पाणी आठशे फुटांवर लागेलच, असे हा दगड कुठेच कबूल करत नाही. लागलेच तर ते फार जुने साठलेले असते, आणि एकदा उपसले की भरायला कित्येक वर्षे जातात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. त्यामागे ओळीने आलेली दुष्काळी वर्षे होती, ऊस होता, आणि हा दगडही होता.

कोकणाला चार महिन्यांत सुमारे २,८७० मिलिमीटर पाऊस मिळतो, तरी रत्नागिरीच्या वाड्यांवर मे महिन्यात टँकर फिरतात. जांभ्याचे सडे पाणी पितात खरे, पण उतार एवढा आणि समुद्र इतका जवळ, की ते झऱ्यावाटे निघून जाते. कोकणी माणसाला हे सांगायला नको.

आता हवामान खात्याच्या ‘मध्य महाराष्ट्रा’कडे वळू. त्याची मोसमी सरासरी सुमारे ७५० मिलिमीटर. या सरासरीत महाबळेश्वर आहे, जिथे वर्षाला साडेपाच हजारांहून जास्त कोसळतो, आणि माण तालुक्यातली दहिवडी आहे, जिथे पाचशेच्या आसपास पडला तरी बरे म्हणतात. दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यातली, सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर अंतरावरची. ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात आणि पलीकडे उतरताना हवा कोरडी होत जाते, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. तरी ‘मध्य महाराष्ट्रात समाधानकारक पाऊस’ हा मथळा दरवर्षी छापला जातो आणि माणच्या शेतकऱ्याने तो वाचून समाधान मानावे अशी अपेक्षा असते.

वापरण्याजोगा नकाशा आहे, पण त्याची चर्चा होत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्याची विभागणी दीड हजारांवर पाणलोटांत केली आहे. त्यातली रेघ राजवटीची नाही, पाणी कुठे उतरते याची आहे. शिवाय आता दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस मोजतात. तेव्हा येत्या पावसाळ्यात विभागाची सरासरी कुणी सांगितली, तर वाचकांनी आपल्या मंडळाचा आकडा मागावा आणि आपले गाव कोणत्या पाणलोटात येते तेही विचारून घ्यावे.