गावातल्या कामाला पैसा कुठून येतो?

परभणी जिल्ह्यातल्या गावात नवा सिमेंट रस्ता झाला की तोंडाशी फलक लागतो. पुढाऱ्यांची नावं ठळक, रक्कम बारीक आणि लेखाशीर्ष, म्हणजे पैसा सरकारच्या कोणत्या खात्यातून आला ते, बहुधा नसतंच. जाब कुणाला विचारायचा, हे मात्र लेखाशीर्षावरूनच कळतं.

ग्रामपंचायतीच्या खात्यात

वित्त आयोगाचं अनुदान थेट गावाला मिळतं. 14व्या आयोगाचा सगळा निधी ग्रामपंचायतींकडे गेला. 15व्या आयोगात 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला आणि 10 जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली. त्यातला 60 टक्के निधी ‘बंधित’ होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. “पैसा आहे, पण रस्त्याला लावता येत नाही,” असं सरपंच म्हणतात तेव्हा ती दरवेळी पळवाट नसते.

जिल्ह्यातून, मुंबईतून

जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा जिल्हा नियोजन समिती ठरवते. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. ‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे लेखाशीर्ष 2515. हा निधी मुंबईहून, ग्रामविकास विभागाकडून येतो आणि त्यात आमदारांच्या शिफारशीला वजन असतं. सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक या निधीतून भराभर होतात. नाली तशीच तुंबलेली राहते. मला यात गरजेपेक्षा उद्घाटनाची सोय जास्त दिसते.

काळी माती आणि 60:40

खरी अडचण पाणंद रस्त्याची. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात खर्चाचा किमान 60 टक्के वाटा मजुरीचा, साहित्याला जास्तीत जास्त 40, असं प्रमाण ठरवलं होतं. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसतं मातीकाम केलेला रस्ता पहिल्याच पावसाळ्यात चिखल होतो. टिकायचा तर खडी-मुरूम हवा, दबाईला रोलर हवा. आणि हा सगळा खर्च साहित्याच्या बाजूला पडतो. हे गणित जुळावं म्हणून 2021 मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. रोजगार हमी योजनेला राज्याच्या निधीची जोड द्यायची, असा तिचा बेत. मुरूम कुठून आणि किती लांबून येणार, हे अंदाजपत्रकात पाहिल्याशिवाय रस्ता टिकेल की नाही, ते सांगता येत नाही.

उधारीचा पैसा

पंतप्रधान ग्रामसडक योजना 2000 साली पूर्ण केंद्राच्या खर्चाने सुरू झाली. 2015-16 पासून केंद्र 60, राज्य 40. राज्याकडे पैसा कमी पडला की नाबार्डचा ग्रामीण पायाभूत विकास निधी असतो. तो 1995-96 चा. ज्या बँकांचं अग्रक्रम क्षेत्रातलं कर्जवाटप उद्दिष्टापेक्षा कमी पडतं, त्यांनी तुटीएवढी रक्कम नाबार्डकडे ठेवायची आणि त्यातून राज्यांना कर्ज मिळायचं. ग्रामीण रस्त्याला खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत. परतफेड सात वर्षांत, राज्याच्या तिजोरीतून. नाबार्डची उधारी रस्त्यांपुरती नाही. सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळचा निम्न दुधना प्रकल्प देशातल्या 99 रखडलेल्या सिंचन प्रकल्पांच्या यादीत होता. त्या यादीसाठी 2016-17 मध्ये नाबार्डमध्ये वेगळा दीर्घकालीन सिंचन निधी उभा राहिला.

काय मागायचं?

अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका. ठेकेदाराचं देयक या पुस्तिकेवरच निघतं. ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल, तर पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराच्या माथी असते. खड्डा पडला की आधी काम पूर्ण झाल्याची तारीख बघा. ग्रामसभेत कागद मिळाले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस.