पहारेकरीच कोसळला तर? क्लाउडवरच्या सुरक्षेची गोष्ट

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. पहारेकरीच आजारी पडला, तर दार उघडं ठेवायचं की बंद?

हा प्रश्न मला पडला आमच्या सोसायटीच्या गेटवर. तिथे पाहुण्यांची नोंद ॲपवर होते. मागच्या पावसाळ्यात नेट गेलं आणि माझी मावशी डबा घेऊन अर्धा तास गेटबाहेर, छत्री धरून उभी. वॉचमनकाका तिला चांगलं ओळखतात! पण ॲप 'हो' म्हणेना.

आता हेच मोठ्या प्रमाणावर बघू. पूर्वी कंपनीची फायरवॉल म्हणजे सर्व्हर रूममधला एक डबा असायचा. बिघडला की आपलाच माणूस जाऊन बघायचा. आता तो पहारा क्लाउडवर गेलाय. तुम्ही एखादी साइट उघडता, तेव्हा तुमची रिक्वेस्ट बऱ्याचदा आधी क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीकडे जाते. समोर माणूस आहे की बॉट, हे ती तपासते आणि मगच पुढे सोडते. याचा फायदा खरा आहे. हजारो मशीन्सनी एकदम रिक्वेस्ट मारून साइट गुदमरवायची ठरवली, तर छोट्या कंपनीच्या एकट्या सर्व्हरला ते झेपतच नाही.

पण १८ नोव्हेंबर २०२५ ला काय झालं, ऐका. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजत आले होते. एक्स, चॅटजीपीटी, कुठेही जा, एरर! मोठा हल्ला झाला असावा, असं आधी क्लाउडफ्लेअरच्या टीमलाही वाटलं. निघालं भलतंच. त्यांच्या एका डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या होत्या. त्यामुळे बॉट ओळखण्यासाठी लागणाऱ्या फाइलमध्ये त्याच त्या नोंदी दोनदा आल्या आणि फाइल दुप्पट झाली. ही फाइल दर काही मिनिटांनी त्यांच्या जगभरच्या सर्व्हर्सवर जाते. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमची मर्यादा होती २०० फीचर्सची. मर्यादा ओलांडली आणि प्रोग्रॅम कोसळला. मुख्य ट्रॅफिक सुरळीत व्हायला रात्रीचे आठ वाजले.

खरी मेख पुढे आहे. 'आपली साइट तात्पुरती क्लाउडफ्लेअरच्या पहाऱ्यातून बाहेर काढू' असं ज्यांना वाटलं, त्यांना डॅशबोर्डवर लॉगिन करायचं होतं. लॉगिन पेजवर 'तुम्ही माणूसच ना?' हे तपासणारं टूल क्लाउडफ्लेअरचंच, तेही बंद! आधीपासून लॉगिन असलेले सुटले, बाकीचे बसले बघत. कुलूप अडकलेलं आणि किल्ली आत.

त्याआधी १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकचं प्रकरण झालं होतं. कॉम्प्युटरचं रक्षण करणाऱ्या त्यांच्या सॉफ्टवेअरला क्लाउडवरून एक सदोष अपडेट गेलं. ते ७८ मिनिटांत मागे घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन्स निळी पडली होती. त्यातली कित्येक तर एकेका मशीनसमोर बसून दुरुस्त करावी लागली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आठवतंय?

दोन्ही वेळा हॅकर कुणीच नव्हता. चूक एका कंपनीची, आणि तीच चूक एकाच वेळी सगळ्यांकडे पोचली. पूर्वी एक डबा बिघडला तर एक ऑफिस बंद पडायचं.

मग क्लाउड सोडायचा का? नाही. पण सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवून ठेवायचं. बातम्यांची साइट असेल तर पहारा नसताना थोडा वेळ दार उघडं चालेल. बँकेचं असेल तर बंदच बरं. आणि पहारा चालवायची किल्ली त्याच पहारेकऱ्याकडे ठेवायची नाही. आत शिरायचा दुसरा मार्ग हवा, आणि तो वर्षातून एकदा तरी वापरून बघायला हवा.

तुमच्या फोनपुरतं सांगतो. ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड फोनवरच तयार होतो, त्याला नेट लागत नाही. म्हणून जिथे सोय असेल तिथे तो सुरू करा. आणि ईमेलचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरात जपून ठेवा. फक्त क्लाउडवर ठेवलेत, तर गरजेच्या वेळी तिथवर पोचायचं कसं?

आमच्या गेटवर आता टॅबलेटशेजारी एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन असतं. परवा नेट गेलं, मावशीने सही केली आणि सरळ वर आली. डबा गरम होता!

चला, भेटू पुढच्या भागात.