सुई टोचली, तर रक्त त्याच दिवशी का तपासावे?

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी भगिनी व तरुण वृद्धाश्रमांत आणि शुश्रूषाकेंद्रांत सेवा करण्यास जातात. अंथरुणाला खिळलेल्यांना स्नान घालणे, चादरी बदलणे, मधुमेहींची साखर तपासणे अशी त्यांची कामे असतात. या कामात हाताला सुई टोचणे नवलाचे नाही आणि तेवढ्यावरून तपासणी कशाला, असे बहुतेकांना वाटते. म्हणून या विषयाची थोडी फोड करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्या परिचयाच्या एका वृद्धाश्रमातील मावशींना शनिवारी चादर उचलताना कापसात गुंडाळलेली टोचणी लागली. त्यांनी बोट पिळले, हळद लावून चिंधी बांधली आणि कोणालाही काही सांगितले नाही. निष्काळजी म्हणून कामावरून काढतील, ही धास्ती. बोट सुजल्यावर बुधवारी त्यांनी सिस्टरांना सांगितले. टोचणी कोणाची होती, हे कळण्याची सोय नव्हती. त्या खोलीत सकाळी अनेकांची साखर तपासली गेली होती.

शनिवार ते बुधवार या अवधीत काय निसटले? एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे शक्य तर दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. त्यांची पहिली मात्रा देण्यासाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहावयाची नसते. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही जडण्याचा संभव हजारी सुमारे तीन इतका अल्प आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे. खरे भय 'ब' प्रकारच्या काविळीचे. लस न घेतलेल्या व्यक्तीस तिचा संसर्ग होण्याचा संभव शेकडा सहापासून तीसपर्यंत आहे, आणि तिचे विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतात. वृद्धाश्रमात हा रोग कोठून येणार, असे कोणी म्हणेल. 2010 साली अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका वृद्धनिवासात साखर तपासण्याच्या सामायिक साधनातून तो पसरला. आठ वृद्धांना बाधा झाली व त्यांतील सहा जण दगावले. या काविळीवर मात्र मावशींच्या हाती अजून वेळ होता. लस व प्रतिपिंडांचे इंजेक्शन 24 तासांत मिळणे उत्तम, तरी सातव्या दिवसापर्यंत ते देता येते.

आता रक्ततपासणीविषयी. पहिल्या दिवशीचा अहवाल निर्दोष आला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. हा गैरसमज आहे. त्या दिवशीची तपासणी टोचलेल्या सुईविषयी काहीच सांगत नाही, कारण नव्या संसर्गाच्या खुणा रक्तात उमटावयास काही आठवडे जातात. ती सांगते ते आधीची स्थिती. उद्या दोष आढळलाच, तर तो कामावर असतानाच जडला हे दाखविणारा तोच आधार. खरे उत्तर पुढील तपासण्यांतून मिळते. त्या साधारणतः सहा आठवडे, तीन महिने व सहा महिन्यांनी होतात. 'क' प्रकारच्या काविळीवर लस नाही. पण वेळीच आढळल्यास ती बहुधा तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते. तोवर धर्मग्रामाच्या शिबिरात रक्तदान करू नये. ताट-वाटी वेगळी करण्याचे मात्र काहीएक कारण नाही, हे घरच्यांनी ध्यानी घ्यावे. विवाहितांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

ज्याची सुई आहे त्या वृद्धाचेही रक्त तपासता आले तर पुष्कळ गोष्टी सुकर होतात. परंतु त्याची संमती हवी. सप्टेंबर 2018 पासून अमलात असलेला एचआयव्हीविषयक 2017 चा कायदा संमती व गोपनीयता या दोहोंची हमी देतो. आरोग्यसेवा देणाऱ्या आणि जेथे असा धोका संभवतो अशा संस्थांनी प्रशिक्षण, संरक्षक साधने व औषधे कर्मचाऱ्यांस पुरवावीत, असेही तो सांगतो. चालकांपुढे आम्ही हे मुद्दाम मांडतो. नोंदवही ठेवणे सोपे आहे. त्या वहीत आपले नाव लिहिण्यास मावशी भिणार नाहीत असे वातावरण ठेवणे अवघड.

जखम झाल्यास बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिट ओतू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुऊन तडक सरकारी रुग्णालय गाठावे.

त्या मावशींचे तिन्ही अहवाल निर्दोष आले. लसीच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पूर्ण झाल्या. आश्रमातील साखर तपासण्याच्या ट्रेवर आता सुयांसाठी पांढरा, न टोचला जाणारा डबा असतो. तो पाऊण भरला की बंद करावयाचा असतो, हे तेथे नव्याने आलेल्या मुलींना त्याच शिकवितात.