दप्तर कपाटातले आणि संगणकातले

खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या वडूजच्या कचेरीचे नाव ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. परंतु तालुक्याची कचेरी, गावची शाळा आणि ग्रामपंचायत ही सामान्य माणसाच्या हक्कांची भांडारेही आहेत. २०२३ च्या अखेरीस न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा १९६७ पूर्वीची दप्तरे बाहेर काढावी लागली. त्यांतील कित्येक कागद मोडी लिपीत होते. ज्या कागदाच्या जागेची नोंद नाही, तो असूनही नसल्यासारखाच असतो, हे अशा वेळी कळून येते.

यावर आपल्या प्रशासनाने पूर्वीच उपाय योजला आहे. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगरचे जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखीना यांनी दप्तररचनेला शिस्त लावली. ती 'लखीना पॅटर्न' म्हणून ओळखली जाते. अभिलेखांच्या वर्गीकरणात 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग ३० वर्षांचा, 'क' वर्ग १० वर्षांचा, तर 'ड' वर्ग अल्पकाळाचा असतो. लाल, हिरव्या, पिवळ्या व पांढऱ्या रुमालांमुळे गठ्ठ्याचा वर्ग दुरूनच ओळखता येतो.

आता अनेक कागद संगणकात आले आहेत. तेथेही नियम तोच आहे. कोणती फाइल कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरात आहे, याची नोंदवही हवी. जागा अपुरी पडली म्हणून एखादा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलविला आणि संगणक प्रणालीत जुनाच मार्ग राहिला, तर फाइल शाबूत असूनही उघडत नाही. म्हणून आधी प्रत करावी, ती उघडून पडताळावी, प्रणालीतील मार्ग व नोंदवही दुरुस्त करावी आणि मगच जुनी फाइल काढावी. फाइलच्या नावात वर्ष, गाव व विषय असावा. कायम जतन करावयाच्या अभिलेखांची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. एकाच खोलीतील दोन प्रती एकाच आगीत नष्ट होऊ शकतात.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचिबद्ध ठेवणे हे सार्वजनिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. लिपिकाची बदली झाली, मुख्याध्यापक निवृत्त झाले, तरी शेतकऱ्याचा फेरफार आणि विद्यार्थ्याचा दाखला नव्या माणसाला त्याच दिवशी सापडला पाहिजे. दप्तर नीट लागले आहे किंवा नाही, याची हीच खरी कसोटी होय.